तीस किलोंत बसणारा ट्रॅक्टर

अल ऐनमध्ये नवा मराठी माणूस आला की आठ दिवसांच्या आत बस्त्याव लोपीस त्याला गाठायचे आणि विचारायचे, "सुट्टीवर कधी जाणार?" नाव नंतर, गाव नंतर. दुसरा प्रश्न, "तुझी एअरलाइन सामान किती देते, तीस किलो का चाळीस?" आणि तिसरा, आवाज खाली आणून, "त्यातलं दोन किलो मला देशील?"

मला त्यांनी हे कंपनीच्या मेसमध्ये विचारलं. माझा पहिलाच दिवस होता, आमटी अजून भातावर पडली नव्हती. मी म्हटलं, "अहो, मी आज सकाळी जॉइन झालोय. सुट्टी अकरा महिन्यांनी."

"चालेल," ते म्हणाले. "तोवर मी पार्ट सोडवून ठेवतो."

आखातातून गावी निघालेला माणूस हा सार्वजनिक हमाल असतो. तिकीट काढल्याची बातमी फुटली की शेजारी, शेजाऱ्याचा साडू आणि ज्याचं तोंडही आपण पाहिलेलं नाही असा कुणीतरी, पुड्या घेऊन दारात उभे राहतात. खजूर, दूध पावडर, अत्तर, आईसाठी गुडघ्याचं मलम. मी स्वतः दुसऱ्याच्या बॅगांत बरंच काही कोंबलेलं आहे, तेव्हा तक्रार कुठल्या तोंडाने करणार? पण हा माणूस गावी ट्रॅक्टर पाठवत होता. पुडीपुडीने. नऊ वर्षं.

लोपीसकाका वसईचे. सत्तावीस वर्षांपूर्वी बायको आणि सात वर्षांचा मुलगा घरी ठेवून इथे आले. आमच्या कंपनीच्या वर्कशॉपचे ते फोरमन आणि मी त्याच कंपनीत स्टोअर्स सांभाळतो. कंपनीचा धंदा बागा राखण्याचा. जिथे देवाने गवताची काडी ठेवली नाही तिथे आम्ही शाळा, हॉस्पिटलं आणि बंगल्यांपुढे हिरवळ अंथरतो, तिला दिवसातून दोनदा पाणी पाजतो आणि मग ती वाढली म्हणून कापतो. या उद्योगात मी सात वर्षं घालवली आणि माझी मुलगी शाळेत अभिमानाने सांगते, "माय डॅड वर्क्स इन ग्रीनरी." मी नट-बोल्ट मोजतो हे तिला सांगितलं तर ती म्हणते, "सेम थिंग, बाबा."

तर या कंपनीकडे दोन जुने गार्डन ट्रॅक्टर होते. शेतातला ट्रॅक्टर डोळ्यांपुढे आणू नका. हा मोटारसायकलपेक्षा थोडा ऐसपैस, एका माणसाचा. पोटाखाली गवत कापायची पाती, मागे छोटी ट्रॉली जोडली की खत न्या, माती न्या, खजुराच्या वाळक्या झावळ्या न्या. एक खूप जुना आणि एक नुसताच जुना. लोपीसकाकांनी त्यांची नावं ठेवली होती थोरली आणि धाकटी, आणि या दोघींपैकी गुणाची कोण यावर ते सकाळी साडेपाचपासून बोलत.

"ऐकून तर घे," हे त्यांचं पालुपद. समोरचा ऐकतच असायचा. त्याला पळायला जागा ठेवलेली नसायची. "ऐकून तर घे, सबनीस. थोरली एका सिलिंडरची. सगळा ब्लॉक बिडाचा, हात लावून बघ, किती थंड बिनधास्त बसलीय. व्हॉल्व्ह बाजूला, ब्लॉकमध्येच. वरती नुसतं झाकण. बोल्ट काढले की पोट उघडं. काजळी खरवड, व्हॉल्व्ह घास, झाकण लाव, खलास. धाकटी दोन सिलिंडरची. व्हॉल्व्ह डोक्यावर. पेट्रोल कमी पिते, थरथर नाय, आवाज नाय. गिअर टाकायचं काम नाय, पाय दाबला की चालली. मेमसाब."

"मग धाकटी बरी की," मी एकदा चूक करून म्हणालो.

"बरी? जुलैमध्ये बघ तिला." त्यांनी स्टूल ओढलं, म्हणजे माझा अर्धा तास गेला. "दोघींना पाणी नाय, दोघी हवेवर थंड होणार. आणि इथली हवा स्वतःच तापलेली. अंगावरच्या पट्ट्यांमध्ये वाळू बसते, कापलेलं गवत बसतं, की गुदमरली. थोरली गुदमरली तर आधी खोकते, मग धूर सोडते, मग थांबते. तुला सांगून थांबते. धाकटी शेवटपर्यंत गोड बोलते आणि आत सगळं जळलेलं असतं. स्टार्ट झाली म्हणजे चालली असं नाय, सबनीस."

हे दुसरं पालुपद. ते यंत्रांपुरतं नव्हतं. ऑफिसातलं नवीन लग्न, कुणाचं प्रमोशन, सगळ्यांना हेच लागू: स्टार्ट झाली म्हणजे चालली असं नाय. माणसंही त्यांनी इंजिनांत वाटून टाकली होती. आमचा प्रोजेक्ट मॅनेजर बेल्ट ड्राइव्ह, उन्हात पट्टा सुटतो. एचआरची बाई दोन सिलिंडर, पण एकावरच चालते. मी एक सिलिंडर. "स्टार्टला लई त्रास, पण मध्येच बंद नाय पडणार." मला ती स्तुती वाटली म्हणून घरी सांगितली. मनीषा, माझी बायको, म्हणाली, "स्टार्टचं बरोबर ओळखलं त्यांनी."

तुलना नुसती तोंडी नव्हती. मी येण्यापूर्वी एका शाळेचं मैदान त्यांनी मधोमध चुना टाकून विभागलं. डावी बाजू थोरलीने कापली, उजवी धाकटीने, आणि मग प्रिन्सिपॉल बाईंना उन्हात बोलावून विचारलं, "मॅडम, विच साइड मोअर हॅपी?" मॅडमनी घाबरून दोन्ही म्हटलं. हा निकाल त्यांना मान्य नव्हता. त्यांनी वॉचमनला विचारलं, बस ड्रायव्हरला विचारलं, शेवटी आमच्या मॅनेजरलाच धरून आणलं. तो म्हणाला, "हबीबी, ग्रास इज ग्रास. यल्ला, नेक्स्ट साइट." त्या दिवसापासून तो बेल्ट ड्राइव्ह झाला.

पुढची गोष्टही मी येण्याआधीची, पण ती त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलीय की मीच तिथे होतो असं वाटतं. नवीन मशिनं आली, तेव्हा या दोघींना भंगारात काढायचं ठरलं. लोपीसकाका मॅनेजरकडे गेले आणि म्हणाले, मला द्या. मॅनेजर म्हणाला, "वन. नॉट टू." झालं. तेव्हा त्या तुलनेला खरा जीव आला, कारण आता एकच निवडायची होती आणि तिने वसईच्या वाडीत जन्म काढायचा होता. या माणसाने चौदा महिने लावले. मुलीला स्थळ बघताना लोक एवढं बघत नाहीत. वाडीतली माती चिकण, तिथे कुणाचा जोर पुरेल? केळीच्या दोन रांगांतून कोण वळेल? समुद्राची खारी हवा कुणाला खाईल? आणि सगळ्यांत मोठा प्रश्न, बिघडली तर वसईत दुरुस्त कोण करेल? शेवटी थोरली ठरली. तिच्यात प्लास्टिक नाही आणि तिचं दुखणं बाहेरून कळतं, म्हणून. धाकटी नव्या मशिनांना हात देत वर्कशॉपमध्येच राहिली, कारण काकांनी तिलाही मरू दिलं नाही.

वाडीचं वर्णन मला पाठ होतं. पावणेदोन एकर. केळी, मोगरा, पावट्याचा मांडव, विहीर. शेणखताची पाटी डोक्यावर घेऊन त्यांची बायको फिलू, फिलोमिना, या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. "ती पाटी उतरवायची म्हणून मी इथे आलो," ते म्हणायचे. "तिला थोरलीवर बसवणार. टोपी घालून." हे सांगताना ते स्वतःच हसायचे.

चेसिस आणि इंजिनचा ब्लॉक ही जड माणसं. ती बिऱ्हाड आवरून कायमच्या गावी निघालेल्या एका कुटुंबाच्या कंटेनरमध्ये, सोफ्याखाली बसून, समुद्रमार्गे गेली. बाकीचं आमच्या बॅगांतून. पार्टला पेट्रोलचा वास राहिला तर एअरपोर्टवर अडवतात. म्हणून काका प्रत्येक तुकडा भांडी धुवायच्या साबणाने तीनदा धुवायचे, वाळवायचे, टाल्कम पावडर लावायचे आणि जुन्या बनियनमध्ये गुंडाळून वर वाहून नेणाऱ्याचं नाव लिहायचे. अभियंते, बँकवाले, एक दंतवैद्य, सगळ्यांनी थोरलीचा अवयव वाहिला. एका नवऱ्या मुलाच्या बॅगेत, होणाऱ्या बायकोच्या साडीशेजारी, एक्झॉस्टचा पाइप गेला.

माझ्या वाट्याला पिस्टन आला. काउंटरवर बॅग एकतीस किलो भरली. जादा किलोला पन्नास दिरहम, म्हणजे आपले साडेअकराशे रुपये, मनीषा मोठ्याने म्हणाली, आणि मी पिस्टन काढून खिशात घातला. मुंबईला कस्टमवाल्याने विचारलं, "ये क्या है?" मी म्हटलं, "पिस्टन." "किसका?" "काका का." त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी अजून विसरलेलो नाही. पुण्याला पोचल्यावर दमून मी तो शोकेसवर ठेवला आणि विसरलो. चार महिन्यांनी लोपीसकाकांनी टाहो फोडला तेव्हा आईला फोन केला. ती म्हणाली, "तो स्टीलचा शोभेचा? फार छान आहे रे. उदबत्त्या अगदी सरळ उभ्या राहतात." चार महिने आमच्या गणपतीपुढे थोरलीचा पिस्टन होता. काकांना सांगितलं. वाटलं, चिडतील. त्यांनी क्षणभर विचार केला आणि विचारलं, "राख साफ केलीस ना? रिंगच्या खाचेत गेली तर वाईट."

पार्ट वसईला पोचला की दुसऱ्या दिवशी मेसमध्ये घोषणा व्हायची. "मेल्विनचा फोन आला. मिळाला म्हणाला." मेल्विन हा त्यांचा मुलगा. आम्ही वरण ओढत माना हलवायचो. आपल्या वाट्याचा तुकडा पोचला याचं प्रत्येकाला उगाच समाधान वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मी आल्यावर वर्षभराने फिलूकाकू गेल्या. काकांना कळलं तेव्हा ते धाकटीच्या पोटाखाली झोपून पातं बसवत होते. बसवून पूर्ण केलं, बाहेर आले, हात धुतले आणि विमान पकडलं. जाताना बॅगेत क्रँकशाफ्ट घेऊन गेले. बायकोच्या मातीला निघालेला माणूस बॅगेत क्रँकशाफ्ट घालतो, यावर आम्ही महिनाभर मेसमध्ये तोंडसुख घेतलं. त्यात मी पुढे होतो. बारा दिवसांनी ते परतले आणि त्याच संध्याकाळी माझ्याकडे थोरलीसाठी गास्केट मागायला आले. मी मेसमध्ये म्हणालो, या माणसाच्या छातीतसुद्धा बीड ओतलेलं आहे.

गेल्या तीन वर्षांत पार्ट लहान होत गेले. आधी दोन किलो मागणारा माणूस आता शंभर ग्रॅम मागू लागला. कुणाबरोबर चार नट, कुणाबरोबर एक स्प्रिंग. माझ्यातला स्टोअरकीपर हे बघून कळवळायचा. मी एकदा म्हणालोच, "काका, हे उरलेलं सगळं मिळून एका दूध पावडरच्या डब्यात मावेल. एकाच माणसाबरोबर पाठवा आणि मोकळे व्हा."

"मावेल," ते म्हणाले. "पण तो एक माणूस हरवला तर? रिस्क वाटून घ्यावी."

मला ते पटलं. असल्या गोष्टी मला फार लवकर पटतात.

या वर्षी कंपनीत नवा मॅनेजर आला आणि त्याने चौसष्ट वर्षांच्या फोरमनचा व्हिसा पुढे वाढवायचा नाही असं ठरवलं. पत्रात सेवेबद्दल आभार होते, स्पेलिंगच्या दोन चुका होत्या. सत्तावीस वर्षं राबलेला माणूस तीस दिवसांत आटपायचा. आम्ही सगळे इथे असेच आहोत, बूड टेकवून बसलेले आणि तरी तात्पुरते; पण दुसऱ्याचं पत्र वाचताना ते जास्त लागतं. काका मात्र खुशीत दिसले. "बरं झालं. फक्त कार्ब्युरेटर राहिलाय. तो पोचला की मी पोचतो. नाताळच्या आत थोरलीला बोलती करतो बघ."

मी तेव्हा आठवड्याच्या सुट्टीवर निघालो होतो. माझा मेव्हणा विरारला राहतो. म्हटलं, या खेपेला मी स्वतः वाडीत जाऊन देतो. इतकी वर्षं ऐकलेली ती वाडी मला एकदा बघायची होती. काकांनी नको-नको केलं. कुरिअर कर म्हणाले, मेल्विन येऊन घेईल म्हणाले. मला तो संकोच वाटला. मी त्यांच्या हातातून पुडी जवळजवळ ओढूनच घेतली.

वसईला रिक्षावाल्याला पत्ता दाखवला. तो म्हणाला, "म्हणजे लॉन्स ना?" मी म्हटलं, वाडी. तो म्हणाला, "तेच ते."

कमानीवर पाटी होती, फिलोमिना लॉन्स. लग्न, साखरपुडा, वाढदिवस. आत पावणेदोन एकर हिरवंगार होतं. मी बूट काढून पाय ठेवला, ते टोचलं. प्लास्टिकचं गवत. माझी सात वर्षं त्या धंद्यात गेली असल्यामुळे भिंतीपासून भिंतीपर्यंत ते किती उत्तम बसवलंय हेच मला आधी दिसलं आणि स्वतःची लाज वाटली. केळीचं एक पान नव्हतं. विहिरीवर जाळी बसवून रंगीत दिवे सोडले होते. फोटोसाठी.

मेल्विन सभ्य मुलगा. चौतीस वर्षांचा, हसरा, पुढे होऊन बॅग घेणारा. थंड पेय मागवलं, अंकल अंकल केलं. मी विचारलं, "ट्रॅक्टर कुठे?" तो मला खुर्च्यांच्या गोदामाकडे घेऊन गेला. प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या चळतीमागे ताडपत्रीखाली चेसिस होती, ब्लॉक होता. वरच्या फळीवर पुड्या. नावं दिसत होती. दंतवैद्य होते, नवरा मुलगा होता, सबनीस होता. एकही पुडी सोडलेली नव्हती.

"मी फेकलं नाय काय," मेल्विन म्हणाला.

"काकांना हे माहीत आहे?"

"डॅडींची सहीच आहे ना, अंकल. तीन वर्षं झाली. मी पेपर पाठवले, त्यांनी तिकडून अटेस्ट करून परत पाठवले. बोर्डावर मम्माचं नाव टाक, एवढंच म्हणाले."

मी तिथल्याच एका खुर्चीवर बसलो. तीन वर्षं. तीन वर्षं हा माणूस आमच्या बॅगा वजनकाट्यावर चढवत होता आणि थोरली कधीच चालणार नाही हे त्याला ठाऊक होतं. माझं डोकं फिरलं.

"मग पार्ट कशाला पाठवत होते?"

मेल्विनने हातातली कार्ब्युरेटरची पुडी उलटीपालटी केली. "मी सात वर्षांचा होतो, ते गेले. दोन वर्षांतून एकदा यायचे, चॉकलेट द्यायचे, जायचे. मम्मा होती तेव्हा तीच बोलायची. आम्हाला एकमेकांशी काय बोलायचं ते कळत नाय, अंकल. पार्ट आला की मी फोन करतो. गंज आहे का विचारतात, मी सांगतो. मग इकडचं तिकडचं दोन शब्द. थांबा, आता करतो."

त्याने माझ्यासमोर फोन लावला. "डॅडी, मिळाला. हो, अंकल आलेत. नाय, गंज नाय. हो, बघितला ना. इकडे उकडतंय. पोरगी बरी आहे, शाळेत गेलीय. हो. ओके, डॅडी." दीड मिनिट झालं असेल. पुडीची दोरीही सुटली नव्हती. ती त्याने फळीवर शेवटच्या जागेत ठेवली.

मी निघालो तेव्हा तो रिक्षापर्यंत आला. रिक्षाची दांडी धरून म्हणाला, "अंकल, कंपनीला सांगून अजून दोन वर्षं होणार नाय का? नाय म्हणजे, ते आले तर आनंदच आहे. पण त्यांची खोली आम्ही ब्रायडल रूम केलीय. सीझन आहे."

त्याला वाईट म्हणणं सोपं होतं आणि मी रिक्षात बसून म्हणूनही घेतलं. पण सात वर्षांच्या पोराकडून सत्तावीस वर्षं चॉकलेटच्या बदल्यात काय मिळायला हवं होतं, हे मला सांगता आलं नसतं.

विमानात मी भांडण तयार केलं. वाक्यंच्या वाक्यं जुळवली. आमचा वेळ, आमचे किलो, माझ्या आईची उदबत्ती. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत वर्कशॉप गाठलं. काका एकटेच होते, धाकटीच्या पट्ट्यांमधली वाळू ब्रशने काढत होते. त्यांचे आठ दिवस उरले होते.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो. "सही तुमचीच आहे."

ब्रश थांबला नाही. "हाय की माझीच. पोराने मागितली. मी त्याला दुसरं काय दिलंय? बापाने जमीन दिली ती मी त्याला दिली. त्याने भाजी लावावी का लग्नं, ते त्याने बघावं."

"मग आम्हाला कशाला राबवलंत? चार नट, एक स्प्रिंग! आम्ही काय मूर्ख होतो?"

"तसं नाय रे." आता ब्रश थांबला. "ऐकून तर घे. फिलू होती तोवर फोनवर तिच्या मागून त्याचा आवाज यायचा. टीव्हीचा यायचा. कुत्रा भुंकायचा. ती गेली आणि फोन मुकाच झाला. मी केला तर तो म्हणतो, बोला डॅडी. बोला म्हटल्यावर मी काय बोलणार? पार्ट गेला की तो स्वतः करतो. मिळाला म्हणतो. मी विचारतो, गंज हाय? तो बघून येतो, सांगतो. तेवढं बापलेकाचं बोलणं होतं. मोठे पार्ट संपले, मग मी बारीक केले. आणखी बारीक करायला काय उरलं नाय. कार्ब्युरेटर शेवटचा."

राग आला होता तो कुठे गेला नाही, पण तो कुणावर काढायचा हे कळेना. शेवटी स्वतःवरच निघाला, कारण मेसमध्ये बसून या माणसाच्या छातीत बीड असल्याचं मी चारचौघांत बोललो होतो.

त्यांनी हात पुसले. बराच वेळ पुसले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "मी येतोय म्हणून कळलंय त्याला. काय म्हणाला?"

मला ब्रायडल रूम आठवली, सीझन आठवला. मी म्हणालो, "वाट बघतोय म्हणाला. तुमची खोली तयार ठेवलीय म्हणाला."

लोपीसकाका माझ्याकडे बघत राहिले. मला खोटं बोलता येत नाही. मनीषा म्हणते, माझे कान लाल होतात.

"खोटं बोलतोस, सबनीस," ते म्हणाले.

बाहेर कुणीतरी पंप सुरू केला आणि बंद केला. काकांनी स्टूल ओढलं, त्यावर बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"पुन्हा एकदा बोल," ते म्हणाले.

मी पुन्हा बोललो. वाट बघतोय म्हणाला. खोली तयार आहे म्हणाला. या वेळी खिडकीचंही सांगितलं, विहिरीच्या बाजूची.